इतर म्हणजे कोण?

सूचनाफलकावर 'इतर' हा शब्द दिसला की मॅडम थांबायच्या. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या, लाल पेन काढायच्या आणि त्या शब्दावर एक सरळ आडवी रेघ मारायच्या. त्यात घाई नसे आणि चोरी तर मुळीच नसे. शिपाई समोर उभा असो की खुद्द प्राचार्य शेजारून जात असोत, रेघ मारली जायचीच. 'स्थापत्य, यंत्र, विद्युत, रसायन व इतर विभागांच्या प्राध्यापकांनी सभेस हजर राहावे' अशी सूचना असली, तर 'इतर'च्या डोक्यावर त्या ठसठशीत अक्षरात लिहायच्या, 'जैव अभियांत्रिकी'. मग पेनाला टोपण लावून जो कोणी जवळ असेल त्याला विचारायच्या, "इतर म्हणजे कोण? नाव घ्यायला काय होतं?"

गंमत अशी, की त्या वेळी आमच्या कॉलेजात जैव अभियांत्रिकी नावाचा विभागच नव्हता.

तुमच्या कचेरीत, शाळेत, गल्लीत असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. जी गोष्ट अजून जगात नाही तिच्या वतीनं रोज भांडणारं. आपण आधी हसतो, मग कंटाळतो, आणि एक दिवस लक्षात येतं की ती गोष्ट आता आहे. कधी झाली ते मात्र आपल्याला नीट सांगता येत नाही. मला येतं, कारण मी शेजारीच होतो.

मी यंत्र विभागात शिकवतो, वर्कशॉपही माझ्याकडेच आहे. आमचं कॉलेज जालना शहराच्या बाहेर. एका अंगाला लोखंडाच्या भट्ट्या, दुसऱ्या अंगाला बियाण्यांची गोदामं. मॅडम तिथे आल्या त्या रसायन विभागात, एका वैकल्पिक विषयाच्या तात्पुरत्या शिक्षिका म्हणून. आधी रसायन अभियांत्रिकी शिकून मग दक्षिणेत लांब कुठेतरी जाऊन जैव अभियांत्रिकीत पुढचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. वैकल्पिक विषयाला वेळापत्रकात जिथे भोक राहील तिथे बसवतात. यांना शनिवारचा शेवटचा तास मिळाला, आणि जनरेटरला लागून असलेली खोली. वीज गेली की जनरेटर धडधडायचा आणि मॅडम त्याच्यावर आवाज चढवून शिकवायच्या. भिंतीपलीकडे माझं वर्कशॉप. सजीव पेशीबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते सगळं मी लेथवर उभा राहून ऐकलेलं आहे.

आम्ही दोघेही बदनापूरचे. सकाळच्या गाडीनं जालन्याला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, त्यामुळे ओळख वाढली. त्यांचं घर स्टेशनच्या पलीकडे, दारावर पंचशीलाचा झेंडा. वडील गावातल्या कृषी संशोधन केंद्राच्या शेतावर मजूर होते. तुरीच्या वाफ्यांत त्यांचं आयुष्य गेलं. कुठलं झाड मर रोगानं वाळलं आणि कुठलं तगलं, हे ते रोज साहेबांना दाखवायचे, आणि लहानपणी मॅडम त्यांच्या मागे मागे फिरायच्या. "मला तेव्हाच प्रश्न पडला होता," त्या एकदा म्हणाल्या, "साहेब लोक झाड का मेलं ते सांगतात. पण मरू नये म्हणून हजार एकराला पुरंल असं काही बनवायचं कुणी? डॉक्टर म्हणतो माझं काम न्हाई, इंजिनिअर म्हणतो माझं काम न्हाई. मंग कुणाचं?"

स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी हाच विषय निघायचा. रसायनचे विभागप्रमुख मनानं भला माणूस. पोट हलेपर्यंत हसायचे आणि कुणाचं वाईट चिंतायचे नाहीत. ते म्हणायचे, "अहो मॅडम, वेगळी चूल कशाला? आमच्याच घरात राहा की. तुमचीही टाकी, आमचीही टाकी. तुमच्या टाकीत जरा जंतू असतात, एवढंच."

एकदा शेजारच्या कॉलेजातले जीवशास्त्राचे प्राध्यापक परीक्षेच्या कामासाठी आले होते. तेही चहाला बसले आणि म्हणाले, "जंतू असतील तर विषय आमचा."

झालं. दोघांत हसत हसत वाटाघाटी सुरू झाल्या. हा भाग तुमचा, तो आमचा. मॅडम बिस्कीट खात शांत बसल्या होत्या. बिस्कीट संपवलं, हात झटकले.

"सर," त्या रसायनच्या सरांना म्हणाल्या, "तुमचा विषय जन्माला आला तेव्हा रसायनशास्त्रवाले म्हणले असतील, हा आमचा. यंत्रवाले म्हणले असतील, नळ्या आणि टाक्या तर आमच्या. तुमच्या लोकांनी ऐकलं का? ऐकलं असतं तर आज तुमच्या केबिनवर तुमची पाटी असती का?"

सर हसायचे थांबले. त्यांनी कधी तसा विचार केला नव्हता.

"हे तिसरं आहे," मॅडम म्हणाल्या. "यांच्यातलं न्हाई, त्यांच्यातलं न्हाई. तिसरं."

संध्याकाळी गाडीत मी म्हणालो, "मॅडम, एवढं कशाला ताणता? नाव कुठलंही असो, शिकवायला मिळतंय ना?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "सर, मी बदनापूरहून ये-जा का करते, ठाऊक आहे का? जालन्यात खोली बघायला गेल्ते. घरमालकानं हवा, पाणी, उजेड सगळं दाखवलं. मंग आडनाव विचारलं. सांगितलं, तर खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं त्याला एकदम आठवलं." त्या हसल्या, पण समोरच्याला दाखवण्यापुरतं हसतात तसं. "दुसऱ्याच्या घरात राहायचं म्हणजे त्याच्या मर्जीनं राहायचं. माझ्या विषयाला मी तसं राहू देणार न्हाई."

त्यानंतर मी त्यांना 'ताणू नका' असं कधी म्हणालो नाही.

त्यांना एक टाकी हवी होती. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांना मर रोगापासून वाचवणारी एक उपकारी बुरशी असते. शेतकरी तिला ट्रायकोडर्मा म्हणून ओळखतात. ती टाकीत मोठ्या प्रमाणावर वाढवायची, हे त्यांचं पहिलं काम. कॉलेजकडे मागून काही मिळणार नव्हतं, म्हणून वर्कशॉपात आम्ही दुधाचा एक जुना स्टीलचा कॅन आणि कूलरची मोटर जमवली. ढवळण्यासाठी मी अशी सुंदर पाती बनवली, की माझा मलाच अभिमान वाटला. धारदार, चकचकीत, जोरात फिरणारी.

दोन दिवसांनी मॅडम वर्कशॉपात आल्या. "सर, ही ढवळणी बनवली का चटणीचं भांडं?"

"का? काय झालं?"

"बुरशीचे नाजूक धागे असतात. तुमच्या पात्यानं सगळ्यांचा भुगा केला. मेली बिचारी."

मी म्हणालो, जोरात ढवळल्याशिवाय हवा कशी मिसळणार? त्या म्हणाल्या, "हवा पाहिजे, पण मार नको. हेच तर गणित आहे. तुमचं लोखंड तक्रार करत न्हाई म्हणून तुमची सवय बिघडली."

मग आम्ही रुंद, बोथट, संथ पाती बनवली. धागे टिकले, तर फेस आला. टाकीच्या झाकणातून वर येऊन, टेबलावरून उतरून तो पांढरा फेस माझ्या लेथपर्यंत पोचला. फेस आवरला, तर उन्हाळा आला. बुरशी वाढताना स्वतःच गरम होते आणि बाहेर जालन्याचा मे महिना. टाकीभोवती ओली गोणपाटं गुंडाळायची, तर कॉलेजात पाण्याचा टँकर दिवसाआड. मॅडम आपल्या प्यायच्या बाटलीतलं पाणी गोणपाटावर शिंपडायच्या आणि टाकीला दटावायच्या, "जग जरा. मी तुझ्यासाठी भांडून राह्यले आणि तू मरून राह्यली."

ज्या दिवशी टाकी टिकली, त्या दिवशी त्यांनी मला झाकण उघडून वास घ्यायला लावला. ओल्या मातीसारखा, किंचित नारळासारखा वास. मी आयुष्यभर यंत्रं बनवली. त्यांतल्या कुठल्याही यंत्राच्या पोटात काही वाढत नव्हतं. त्या वासानं मला पहिल्यांदा कळलं, की मॅडम ज्याला तिसरं म्हणतात ते खरंच तिसरं आहे.

टाकीतलं द्रावण बाटलीत भरून त्या स्वतंत्र शाखा मागायला थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेल्या. मला बरोबर नेलं, कारण अध्यक्षांचा लोखंडाचा कारखाना आणि मी लोखंडातला माणूस. भट्टीच्या आवाजात, धुळीनं भरलेल्या ऑफिसात ते बसले होते.

"मॅडम, साफ सांगतो," अध्यक्ष म्हणाले. "सगळे आईबाप कॉम्प्युटर मागून राह्यले. तुमची ब्रांच कोण घेणार?"

"तुमच्या कारखान्याच्या उजव्या बाजूला काय आहे?"

"बियाण्यांची गोदामं."

"आणि डाव्या बाजूला मोसंबीच्या बागा. अख्खा जिल्हा जिवंत वस्तूंवर चालतो, आणि आपलं कॉलेज फक्त मेलेल्या वस्तू शिकवतं. लोखंड, सिमेंट, तार. जिवंत वस्तूचं इंजिनिअरिंग शिकायला आमच्या पोरांनी कुठं जायचं?"

अध्यक्षांनी बाटली हातात घेतली, उलटसुलट केली. धंद्यातला माणूस. हसले. "बोलता बराबर. चालवा. पण खोली मिळणार न्हाई, स्टाफ मिळणार न्हाई आणि पोरं तुम्हीच आणायची."

"मिळंल ते घेते," मॅडम म्हणाल्या, "फक्त नाव पूर्ण द्या. रसायन व जैव असं काही लिहू नका."

पुढे मान्यतेचे सोपस्कार झाले. खोली म्हणून त्यांना वर्कशॉपामागचं भंगाराचं कोठार मिळालं. ते त्यांनी आणि मी रिकामं केलं, भिंतींना चुना दिला, आणि पहिली गोष्ट दारावर लावली ती पाटी. मुलं आणायला त्या उन्हातान्हात गावोगाव हिंडल्या. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या फाटकात खुर्ची टाकून बसायच्या आणि कॉम्प्युटरकडे निघालेल्या आईबापांना अडवायच्या.

केदारखेड्याचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. मुलीला जीवशास्त्रही आवडायचं आणि गणितही, म्हणून वडील हैराण. ते मॅडमना म्हणाले, "बाई, दोन्ही आवडून कसं चालंल? एक काहीतरी ठरवायला पाहिजे ना?"

"का ठरवायचं?" मॅडम म्हणाल्या. "दादा, पूल बांधणाऱ्याला लोखंड किती ताण सोसतं ते माहीत लागतं. तुमच्या पोरीला जिवंत पेशी किती ताण सोसते ते माहीत होईल. फरक एवढाच, लोखंड एका रात्रीत दुप्पट होत न्हाई. हे होतं. म्हणून याचं गणित अवघड आहे. तिला जमंल का ते तिला विचारा."

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "जमंल." एवढंच. पहिल्या तुकडीतला पहिला प्रवेश तिचा.

तुकडी लहान होती, बहुतेक मुलीच. इतर मुलं त्यांना 'शेवाळं' म्हणून चिडवायची. मॅडमना ते कळलं तेव्हा त्या भर प्रांगणात थांबून म्हणाल्या, "बरोबर आहे. तुम्ही श्वास घेता तो शेवाळाच्या जिवावर." त्यानंतर त्या मुलींनी आपल्या गटाचं नावच शेवाळ ठेवलं.

आता खरी गोष्ट सांगतो.

मान्यतेसाठी बाहेरून तपासणी समिती यायची होती. रसायन विभागाला एक प्रयोगशाळा कमी पडत होती. नवी बांधायला संस्थेनं टाळाटाळ केली होती आणि आता वेळ उरली नव्हती. प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. रसायनचे सर तिथे होते, मलाही बोलावलं होतं, कारण कोठार माझ्या वर्कशॉपाला लागून.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, एका दिवसाचा प्रश्न आहे. तुमची पाटी काढू, तिथं केमिकलची लावू. समिती गेली की दुसऱ्या दिवशी बराबर तुमची पाटी जागेवर."

"आणि माझ्या पोरी?"

"त्यांना सुट्टी देऊ."

"आणि मी?"

"तुम्ही त्या दिवशी केमिकलच्या. होताच की आधी."

मॅडमनी एकेक करून तीन बोटं दुमडली. मग म्हणाल्या, "म्हणजे पाटी न्हाई, पोरी न्हाई, मी न्हाई. मंग आमचं उरलं काय सर?"

रसायनचे सर त्या दिवशी हसत नव्हते. ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, माझ्या विभागाची मान्यता जाईल हो. माझ्याही पोरांचा प्रश्न आहे."

मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "सर, तुम्हाला लॅब पाहिजे, तर चला. तुमच्यासाठी मी अध्यक्षांच्या दारात बसते. आज बसते, आत्ता बसते. पण माझी देणार न्हाई. एकदा दिली की सगळ्यांना सवय होईल."

सर अध्यक्षांच्या दारात बसायला तयार झाले नाहीत. प्राचार्य म्हणाले, "हा आदेश समजा." मॅडम म्हणाल्या, "समजला," आणि उठल्या. 'समजला' आणि 'मान्य आहे' यांत जो फरक असतो तो प्राचार्यांच्या ध्यानात आला नाही. माझ्या आला.

समितीच्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाटी काढलेली होती. केमिकलची अजून लागायची होती, दारावर नुसती स्क्रूची भोकं. मॅडमनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. मग वर्कशॉपात आल्या.

"सर, तुमच्याकडं लोखंडाला मारायचा तो तांबडा रंग आहे ना? गंजू नये म्हणून मारतात तो?"

"आहे."

"सहजासहजी निघतो का?"

"लोखंडावरून बिलकुल निघत न्हाई."

"दार लोखंडी आहे," त्या म्हणाल्या.

मी डबा दिला, ब्रशही दिला. देताना मनात काय होतं ते खरं सांगतो. भीती होती. मुलांच्या शाळा, घर, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पण डबा दिला. त्यांनी पदर खोचला आणि दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, हातभर उंचीची अक्षरं काढली. जैव अभियांत्रिकी विभाग. वेलांट्या थोड्या वाकड्या आल्या, रंगाचे ओघळ खाली आले. सुट्टी दिलेल्या मुली, काय कळलं कुणास ठाऊक, सगळ्या ॲप्रन घालून हजर. केदारखेड्याची मुलगी सगळ्यांत पुढे.

प्राचार्य समितीला घेऊन वळणावर आले तेव्हा त्यांना ते दार दिसलं. चालताना त्यांचा एक पाय क्षणभर तसाच हवेत राहिला. पण आता मागे वळणं शक्य नव्हतं. समितीचे प्रमुख पांढऱ्या केसांचे, सावकाश चालणारे गृहस्थ होते. ते दाराशी आले, वाचलं, आणि सहज अक्षरावर बोट ठेवलं. बोट तांबडं झालं.

"ओला आहे," ते म्हणाले.

"आहे सर," मॅडम म्हणाल्या. "आजच मारलाय. का मारला ते विचारा."

त्यांनी विचारलं. आणि मॅडमनी सांगितलं. पाटी का काढली, कुणाची लावायची होती, सगळं. आवाज चढवला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. रसायनच्या सरांबद्दल तर म्हणाल्या, "त्यांची मागणी खरी आहे, त्यांना लॅब मिळालीच पाहिजे. फक्त ही न्हाई." मग दार उघडलं आणि म्हणाल्या, "आता आमचं काम बघा." मुलींनी टाकी दाखवली, संथ पाती दाखवली, गोणपाटं दाखवली. प्रमुख पुष्कळ प्रश्न विचारत होते. तांबडं बोट त्यांनी रुमालाला पुसलंच नाही, कपड्यांना लागू नये म्हणून नुसतं वर धरून ठेवलं होतं. त्यामुळे ते सारखे कुणाला तरी दटावत असल्यासारखे दिसत होते.

समिती गेली. जे व्हायचं ते झालं. समितीनं बजावलं की रसायनला स्वतःची प्रयोगशाळा बांधा, आणि जैव अभियांत्रिकी ही स्वतंत्र शाखा आहे तर तिला स्वतंत्र जागा, स्वतंत्र प्रमुख आणि शिक्षक द्या, नाहीतर बंद करा. मॅडम जे इतकी वर्षं मागत होत्या ते आता बाहेरून आलं होतं. पण संस्थेचं तोंड भाजलं होतं, आणि रसायनचे सर कितीतरी दिवस मॅडमशी बोलले नाहीत. नव्या लॅबचा पाया खणायला सुरुवात झाली तेव्हा ते पहिल्यांदा बोलले, तेही "ऊन फार आहे" एवढंच. मॅडमनी त्यांना सावलीत खुर्ची नेऊन दिली.

प्राचार्यांनी मॅडमना राजीनामा द्यायला सांगितलं. वैयक्तिक कारणास्तव, असं लिहायचं.

"कोणतं वैयक्तिक कारण सर?" मॅडम म्हणाल्या. "तब्येत ठणठणीत आहे. घरी सगळे बरे आहेत. लग्न ठरलेलं न्हाई."

"लिहायची पद्धत असते मॅडम."

"मी जाऊन न्हाई राह्यले. तुम्ही काढून राह्यलात. जे करून राह्यलात ते तुम्हीच लिहा."

मुली अध्यक्षांच्या ऑफिसासमोर जाऊन बसल्या. अध्यक्ष बाहेर आले आणि व्यापारी माणसाच्या रोखठोकपणानं म्हणाले, "दोन्ही मिळणार न्हाई. मॅडम पाहिजे का ब्रांच पाहिजे?"

"मॅडम!" सगळ्या एका आवाजात.

हे कळल्यावर मॅडम रिक्षा करून तिकडे गेल्या. मीही गेलो. मला वाटलं, त्या मुलींना जवळ घेतील. त्यांनी मुलींना असं झापलं, की अध्यक्षांनीसुद्धा मान खाली घातली.

"डोकं आहे का? मी गेले तर मला दुसरीकडं नोकरी मिळंल. ब्रांच गेली तर तुम्हाला पदवी कशाची मिळणार? रसायन व इतरची? उठा. ब्रांच मागा. जागा मागा, प्रमुख मागा, टाकीला पाणी मागा. माझं नाव मध्ये आणायचं न्हाई."

मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही मला काढलं हे मला मान्य न्हाई. ते मी जिथं जाईन तिथं सांगणार. पण ब्रांचला हात लावू नका."

अध्यक्षांनी हात लावला नाही. संस्थेनं मॅडमना काढल्याचं पत्र स्वतःच्या सहीनं दिलं. ते त्यांनी वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "एका ठिकाणी व्याकरण चुकलंय, पण अर्थ बराबर आहे."

आज त्या गोष्टीला काही वर्षं झाली. शाखा भरते. दुसरा मजला त्यांचा आहे, मोठ्या काचेच्या टाक्या आहेत, थंड करायला यंत्रं आहेत, बियाणं कंपन्यांची माणसं मुलांना घ्यायला येतात. अध्यक्ष स्नेहसंमेलनात 'आमच्या दूरदृष्टीनं' असं म्हणतात आणि मी टाळ्या वाजवतो, कारण शेजारी बसलेले रसायनचे सर माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात. नव्या मुलांना वाटतं, स्थापत्य आणि यंत्रासारखा हा विभागही पहिल्यापासून होता. वाटू दे. मॅडमना हेच पाहिजे होतं.

त्या आता विदर्भाच्या सीमेवरच्या एका कॉलेजात असतात. मध्ये मी फोन केला होता.

"काय चाललंय मॅडम?"

"भांडण."

"कुणाशी?"

"इथं कृषीवाले म्हणून राह्यले, की हा त्यांचा विषय आहे."

मला गाडीत आता शेजारची जागा रिकामी वाटते. रिकामी नसते, कुणीतरी बसलेलं असतंच, पण वाटते.

त्यांचा शेवटचा दिवस मात्र मी विसरणार नाही. निरोप समारंभ करू, शाल देऊ, असं कुणीतरी सुचवलं होतं. त्यांनी साफ नकार दिला. "काढलेल्या माणसाला शाल कशाला? मला माझा तास द्या." तास होता, तोच घेतला. त्यांच्यानंतर त्याच वर्गावर माझा तास होता, यंत्रशास्त्राचा. घंटा झाली. मी दाराशी पोचलो, तर मॅडम शिकवतच होत्या. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत समीकरणं, आणि मधोमध टाकीतल्या बुरशीच्या वाढीची एक वळणदार रेघ. आधी सपाट, मग एकदम वर उसळलेली. मी बाहेर उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं, पण थांबल्या नाहीत. शेवटची ओळ लिहिली, तिच्याखाली रेघ ओढली, खडू ठेवला, हात झटकले आणि पिशवी उचलली.

दारात म्हणाल्या, "पाच मिनिटं घेतली तुमची."

"घ्या की."

"घेतली. परत देणार न्हाई."

आणि व्हरांड्यातून झपझप चालत गेल्या. जिन्याशी वळल्या, दिसेनाशा झाल्या.

मी वर्गात गेलो. कुणी हलत नव्हतं. फळ्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. केदारखेड्याची मुलगी उठली, डस्टर घेतला, पण पुसायला हात उचलेना.

"पुसू का सर?"

"नको. राहू दे."

"मंग तुम्ही कुठं लिहिणार?"

"आज न्हाई लिहीत. ही मधली रेघ अशी वर का गेली, ते मला कळलेलं न्हाई. सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करत नाही याची खात्री करून घेतली. डस्टर ठेवला, खडू उचलला.

"सर, आधी बसा," ती म्हणाली.

मी पहिल्या बाकावर बसलो.